मराठवाड्याचे 'खरे मालक' आणि माझ्या भाच्याचा नमुना 6

सकाळी सातला बहिणीचा फोन आला की आधी छातीत धस्स होतं. या वेळी कुणी आजारी नव्हतं. "दादा, तू जरा याला सांग. फॉर्म भरला, फोटो चिकटवला, सही केली, अन् आता देणार नाही म्हणायलाय." 'याला' म्हणजे माझ्या भाच्याला. वय 19, राहणार वसमत, पोरगं तसं गुणाचं. फॉर्म म्हणजे मतदार यादीत नाव घालायचा नमुना 6. तो आठ दिवसांपासून त्यांच्या टीव्हीवर पडून आहे. मतदान हे नाटक असून मराठवाड्याचे 'खरे मालक' वेगळेच आहेत, असा साक्षात्कार त्याला व्हॉट्सॲपवर झालाय.

फोन त्याच्याकडं गेला. "मामा, तुमी एवढ्या वर्षात इतकी मतदानं केली. काय बदललं सांगा बरं." मी काही बोलायच्या आत पुढचं वाक्य आलं, "मालकच दुसरे हायेत." एकोणीस वर्षांच्या पोराच्या तोंडी हे वाक्य इतकं तयार, इतकं गुळगुळीत होतं की ते त्याचं नाही हे लगेच कळलं.

तो मेसेज माझ्याकडं त्याआधी तीनदा येऊन गेला होता. एकदा सोबत निवृत्त झालेल्या एका मित्राकडून, एकदा दूधवाल्याकडून, एकदा आमच्या घरच्या ग्रुपवर. तिन्ही वेळा वाचून सोडून दिला. ती चूक झाली. म्हणून आता बसून लिहितोय. मी 31 वर्षं ग्रामसेवक होतो, तीन तालुके फिरलो. घटनापंडित नाही. पण सरकारी पैसा कुठून निघतो, कुठं अडतो आणि 31 मार्चच्या रात्री कुठं परत जातो, हे मला त्या मेसेजवाल्यापेक्षा नक्की जास्त माहीत आहे.

ज्यांच्याकडं तो अजून पोचला नाही अशा नशीबवानांसाठी थोडक्यात: 'मराठवाड्याचे खरे मालक कोण?' असं लाल अक्षरात शीर्षक, खाली सात मुद्दे. एक, 1953 च्या गुप्त नागपूर करारात आपल्याला 23 टक्के निधी कायमचा ठरला होता, तो करार लपवून ठेवलाय. दोन, घटनेच्या कलम 371(2) प्रमाणे मराठवाड्याचे कायदेशीर मालक राज्यपाल आहेत, आमदार फक्त शोभेला. तीन, 288 पैकी आपले 46, म्हणजे आपलं कधीच चालणार नाही. चार, आपल्या पैशावर मुंबई जगते. पाच, वरचे लोक पाणी चोरतात आणि कोर्टही त्यांचंच. सहा, यापेक्षा निजाम बरा होता. सात, म्हणून मतदार यादीत नाव घालू नका, नोटा दाबा. नोटाला 51 टक्के मतं पडली की निवडणूक आपोआप रद्द होऊन मराठवाडा केंद्रशासित होतो. शेवटी नेहमीचंच, खरे मराठवाडी असाल तर 11 जणांना पाठवा.

क्रमानं जात नाही. सातव्यानं माझ्या घरात नुकसान केलंय, तो आधी.

नाव घालू नका आणि नोटा दाबा, ही दोन्ही कामं एकच माणूस कशी करणार, हे लिहिणाऱ्यानं क्षणभर तरी मनात आणायचं होतं. यादीत नाव नाही तर नोटा दाबणार कुठं, घरच्या मिक्सरवर? इथंच कळतं की हे लिहिणारा मतदान केंद्रात फारसा गेलेला नाही.

आता नोटाचं. सर्वोच्च न्यायालयाच्या 27 सप्टेंबर 2013 च्या निकालानंतर हे बटण मशीनवर आलं. लोकसभा-विधानसभेत त्याचा अर्थ एवढाच की मला यांपैकी कुणी नको, हे गुप्तपणे नोंदवता येतं. मतमोजणीत नोटाला कितीही पडली तरी उमेदवारांमध्ये ज्याला सर्वांत जास्त, तोच निवडून येतो. 51 टक्के पडोत नाहीतर 91. निवडणूक रद्द होत नाही, आणि 'आपोआप केंद्रशासित' तर कुठल्याच कागदावर नाही.

आणि याचं उदाहरण शोधायला लांब जायची गरज नाही. आपल्याच लातूर ग्रामीणमध्ये 2019 च्या विधानसभेला नोटा चक्क दुसऱ्या क्रमांकावर होती. 27 हजारांच्या वर मतं! पक्षांचे, अपक्ष, सगळे बाकीचे उमेदवार नोटाच्या मागं. देशभर बातमी झाली. मग काय झालं? धीरज देशमुख लाखाहून जास्त मतांनी निवडून आले, शपथ घेतली, पाच वर्षं आमदार राहिले. लातूर केंद्रशासित झालं का? तिथल्या 27 हजार लोकांनी राग काढला, त्यांना तो हक्क होता. पण त्या रागानं एक नळसुद्धा हलला नाही.

एक कबूल करतो, कारण भाचा कुठूनतरी शोधून ते तोंडावर मारेल. आपल्या राज्य निवडणूक आयोगानं 2018 मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी वेगळा आदेश काढला: तिथं नोटाला सर्वाधिक मतं पडली तर त्या जागेची निवडणूक पुन्हा घ्यायची. म्हणजे 'निवडणूक रद्द' या दोन शब्दांत थोडा जीव आहे. पण तो खालच्या निवडणुकीपुरता, फेरनिवडणुकीपुरता. कुणीतरी हा आदेश अर्धा ऐकला, त्याला विधानसभेचा सदरा घातला आणि वरून केंद्रशासितची टोपी चढवली.

वेगळं राज्य किंवा केंद्रशासित प्रदेश करायचा अधिकार घटनेच्या कलम 3 नं संसदेला दिलाय. राज्याच्या विधिमंडळाचं मत मागवतात, ते बंधनकारक नसतं. निजामाच्या राज्यात आपला शेजारी असलेला तेलंगणा 2014 मध्ये असाच वेगळा झाला, आंध्रच्या विधानसभेनं विधेयक नाकारूनही. मराठवाडा वेगळा व्हावा की नाही यावर माझं मत इथं सांगत नाही, तो विषय मोठा आहे. पण तेलंगणावाल्यांनी केलं काय? त्यांच्या आमदारांनी राजीनामे दिले, पोटनिवडणुका लढवल्या आणि पुन्हा निवडून आले, पुन्हा राजीनामे दिले. लोकांनी रांगा लावून मतं दिली. मतदार यादीतून नावं काढून घेऊन कुणी राज्य मिळवलेलं मला माहीत नाही. वेगळं व्हायचंय त्यालाही नमुना 6 भरावाच लागतो.

आता दुसरा मुद्दा, राज्यपाल मालक. यात मात्र चोराच्या हाती किल्लीचा एक दात लागलाय.

कलम 371(2) खरं आहे. 1956 च्या सातव्या घटनादुरुस्तीतून आलेलं. त्यात साध्या भाषेत म्हटलंय ते असं: राष्ट्रपती आदेश काढून राज्यपालांवर विशेष जबाबदारी टाकू शकतात. कशाची? विदर्भ, मराठवाडा आणि उरलेला महाराष्ट्र यांच्यासाठी स्वतंत्र विकास मंडळं नेमण्याची, ज्यांचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढं ठेवायचा. सगळ्या राज्याच्या गरजा लक्षात घेऊन विकासखर्चाच्या निधीचं समन्यायी वाटप करण्याची. आणि तंत्रशिक्षण व सरकारी नोकऱ्यांत पुरेशी संधी देणारी व्यवस्था करण्याची. 'जबाबदारी' हा शब्द आहे. 'मालकी' नाही. ज्याच्यावर जबाबदारी असते तो मालक होत असता तर मी तीन तालुक्यांतल्या हातपंपांचा मालक झालो असतो.

आता अर्धं सत्य. हे कलम नुसतं शोभेचं नव्हतं. 1984 मध्ये विधिमंडळानं मंडळांसाठी ठराव केला, दहा वर्षांनी 1994 मध्ये राष्ट्रपतींचा आदेश निघाला, मंडळं बसली. पुढं 2001 नंतर राज्यपालांकडून वार्षिक योजनेतल्या निधिवाटपाबाबत निर्देश निघू लागले, आणि सिंचनाच्या पैशाच्या बाबतीत त्या निर्देशांवरून मुंबईत बरीच आदळआपट झाली. म्हणजे निवडून न आलेल्या पदाच्या हाती निवडून आलेल्या सरकारच्या पैशाचं वाटप, हा प्रकार थोडा झाला खरा. लोकशाहीच्या दृष्टीनं तो अवघडच आहे, आणि त्याचा फायदा आपल्यासारख्यांना व्हावा म्हणूनच तो केला गेला होता, हे मेसेजवाला सांगत नाही. तरीही तिजोरीतून एक रुपया काढायचा तर विनियोजन विधेयक विधानसभेतच मंजूर व्हावं लागतं. मतदान आमदार करतात. राज्यपाल नाही.

आणि खरी गोष्ट तर मेसेजमध्ये नाहीच. ही मंडळं आज कुठं आहेत? 30 एप्रिल 2020 ला त्यांची मुदत संपली. त्याआधी वेळोवेळी वाढवून मिळत होती. या वेळी वाढवली नाही. कुणी? लंडनच्या कुणी नाही, कुठल्या गुप्त बैठकीत नाही. राज्यात निवडून आलेलं सरकार बसलं होतं, त्यानं नाही वाढवली. मार्च 2021 मध्ये तत्कालीन उपमुख्यमंत्र्यांनी भर विधानसभेत सांगितलं की राज्यपाल ज्या दिवशी विधान परिषदेवरच्या 12 नावांना मंजुरी देतील, त्याच दिवशी आम्ही मंडळं जाहीर करू. 12 आमदारांच्या नेमणुकीशी मराठवाड्याच्या अनुशेषाची, म्हणजे विकासातल्या थकबाकीची, गाठ बांधली, सगळ्या सदस्यांसमोर, आणि ते कामकाजात नोंदलं गेलं! राज्यपालांनी ती नावं महिनोन्‌महिने दाबून ठेवली, तेही उघड. सप्टेंबर 2022 मध्ये दुसऱ्या सरकारच्या मंत्रिमंडळानं मंडळं पुन्हा नेमायची शिफारस केली. मधली अडीच वर्षं कुणाची गेली? मुंबईत सरकार आणि राज्यपाल एकमेकांचे कान पिरगाळत होते आणि इथं आपण 'खरे मालक' फॉरवर्ड करत होतो.

मला राग याच गोष्टीचा येतो. चोर सोडून संन्याशाला सुळी देतात, इथं तर संन्यासीसुद्धा काल्पनिक आहे. ज्यांनी केलं त्यांची नावं, तारखा, भाषणं सगळं उपलब्ध असताना आपण 'अदृश्य शक्ती' शोधतो. यात फायदा कुणाचा? मत मागायला दारात येणाऱ्याचा. तोही मग खांदे उडवून म्हणतो, "काय करणार भाऊ, वरून चालतं सगळं."

पहिला मुद्दा, गुप्त करार आणि 23 टक्के. हा मला मनापासून आवडला, कारण यातला 23 कुठून आला ते सापडलं.

नागपूर करार 28 सप्टेंबर 1953 चा. यशवंतराव चव्हाण, भाऊसाहेब हिरे वगैरे मंडळी एका बाजूनं, विदर्भातून गोपाळराव खेडकर, रामराव देशमुख वगैरे, आणि आपल्याकडून देवीसिंह चौहान, लक्ष्मणराव भाटकर, भगवंतराव गाढे, प्रभावतीदेवी जकातदार. इतक्या लोकांनी सह्या केलेली गोष्ट मराठी माणसांत गुप्त राहते, यावर ज्याचा विश्वास बसतो त्यानं कधी भावकीची बैठक पाहिलेली नाही. करार इतका गुप्त आहे की त्याच्या एका कलमापायी अख्खं मंत्रिमंडळ दर हिवाळ्यात नागपूरला जाऊन बसतं. त्यात निधीबद्दल आहे ते लोकसंख्येच्या प्रमाणात वाटपाचं, आणि मराठवाड्याच्या मागासलेपणाकडं विशेष लक्ष देण्याचं. टक्केवारीचा आकडा नाही.

मग 23 आला कुठून? दांडेकर समितीतून. 1983 मध्ये राज्य सरकारनंच अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, 1984 मध्ये अहवाल आला. रस्ते, सिंचन, खेड्यांतली वीज, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा अशा एकेका बाबीत कुठला जिल्हा राज्याच्या सरासरीपेक्षा किती मागं आहे ते मोजलं, आणि ती तूट भरायला किती पैसे लागतील ते काढलं. एकूण अनुशेष 3186 कोटी 78 लाख. त्यात विदर्भ 1246 कोटी 55 लाख, मराठवाडा 750 कोटी 85 लाख. टक्केवारी काढा: 23.56. झालं! कुणीतरी देण्याचा आकडा घेऊन तो वचनाचा केला आणि 1984 मधून उचलून 1953 मध्ये नेऊन ठेवला. सावकाराच्या वहीतली थकबाकी वाचून 'मला दरमहा एवढा पगार ठरला होता' म्हणण्यातला प्रकार.

या अहवालातली दुसरी गोष्ट लोक सांगत नाहीत, दोन्ही बाजूचे. उरलेल्या महाराष्ट्राचाही अनुशेष निघाला, 1189 कोटी 38 लाख, म्हणजे 37 टक्क्यांच्या वर. कारण समितीनं जिल्हा हे एकक धरलं, आणि त्या 'उरलेल्या' भागात कोकणही आहे. 'सगळे पश्चिमवाले तुपात आणि आपण एकटे ताकात' असं चित्र त्या आकड्यांतून निघत नाही.

मात्र आपली तक्रार खोटी आहे असंही त्यातून निघत नाही. उलट. पुढं निर्देशांक आणि अनुशेष समितीनं 1994 ची स्थिती धरून पुन्हा हिशोब केला, तेव्हा एकूण अनुशेष 14 हजार कोटींवर गेला आणि त्यात मराठवाड्याचे 4 हजार कोटी. म्हणजे दहा वर्षांत आपला वाटा 23 टक्क्यांवरून 28 च्या पुढं गेला. देणं फिटायचं सोडून वाढलं. 1956 ला आपण बिनशर्त आलो हे आपले जुने लोक मान वर करून सांगायचे, त्यांना पुढं पस्तावल्यासारखं झालं असेल तर मी त्यांना नावं ठेवणार नाही. पण हे सगळं आपल्याला कळलं कुणाकडून? ज्या सरकारवर आरोप आहे, त्यानंच नेमलेल्या समित्यांकडून, छापील अहवालातून. दडवादडवी करणारे मालक आपलीच थकबाकी लाखापर्यंत मोजून छापत नाहीत. थकबाकी छापून ठेवून ती न फेडणं, हा वेगळा आणि जास्त साधा गुन्हा आहे.

तिसरा मुद्दा, 288 मधले 46. हा बेरजेचा आहे म्हणून बेरीजच करू. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्र 11 कोटी 24 लाख, आपले आठ जिल्हे मिळून 1 कोटी 87 लाखांच्या आसपास. सहा माणसांत एक आपला. आणि 288 मधले 46 म्हणजे साधारण सहा आमदारांत एक आपला. यात अन्याय कुठं आहे? आता मुख्यमंत्री मोजा. शंकरराव चव्हाण दोनदा, निलंग्याचे शिवाजीराव पाटील निलंगेकर, बाभळगावचे विलासराव देशमुख दोनदा, नांदेडचे अशोक चव्हाण. सगळ्यांची कारकीर्द मिळून चौदा वर्षांच्या वर. 1960 पासूनच्या पासष्ट वर्षांत आपल्या वाट्याला लोकसंख्येच्या हिशोबानं अकरा आली असती. म्हणजे खुर्ची आपल्याला वाट्यापेक्षा जास्तच मिळाली. उपमुख्यमंत्री, पाटबंधारे मंत्री हे वेगळेच. आता 'आपलं कधीच चालत नाही' म्हणणाऱ्यांनी सांगावं, चालत होतं तेव्हा काय केलं? शंकररावांनी जायकवाडी रेटलं, हे त्यांचे विरोधकही मान्य करतील. बाकीच्यांचं ज्यानं त्यानं आपल्या मनाशी ठरवावं. पण हा प्रश्न विचारायचा तर मालक परके असून चालत नाहीत, ते आपलेच निघतात. त्यापेक्षा मेसेज फॉरवर्ड करणं सोपं.

चौथा, आपल्या पैशावर मुंबई जगते. नाही जगत. वाळूजच्या कारखान्यांकडून सरकारला चांगला महसूल जातो, दारूचं उत्पादन शुल्क तर भरपूर. पण राज्याच्या कराचा मोठा भाग मुंबई, ठाणे, पुण्यातून येतो. पुढं चला.

पाचवा, पाणी. वर धरणं होत गेली आणि नाथसागराचा, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयाचा, हिशोब कोलमडला, इथपर्यंत खरं. पण 'कोर्टही त्यांचंच' हे सपशेल खोटं. 2005 च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्यात खोऱ्यातल्या पाण्याच्या समन्यायी वाटपाचं कलम आहे. त्याच्या आधारानं वरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडायचे आदेश निघाले. 15 ऑक्टोबरला साठा 65 टक्क्यांच्या खाली असेल तर सोडायचं, असं सूत्र ठरलं. नगर-नाशिकची मंडळी न्यायालयात गेली. 23 सप्टेंबर 2016 ला मुंबई उच्च न्यायालयानं समन्यायी वाटपाच्या बाजूनं निकाल दिला. 2023 च्या नोव्हेंबरात वरून पाणी सुटलं ते याच वाटेनं. दरवेळी भांडावं लागतं, उशीर होतो, वाटेत पाणी जिरतं, सगळं मान्य. पण ते भांडण आपल्याच माणसांनी कागद घेऊन लढवलं आणि जिंकलं. त्यांच्या मेहनतीवर 'कोर्ट त्यांचंच' म्हणून बोळा फिरवू नका.

सहावा, निजाम बरा होता. मनमाड-हैदराबाद रेल्वे निजामाच्या काळातली, खरं आहे, आणि त्यानंतर बीडकरांना गाडी पाहायला 2025 उजाडावं लागलं, हेही खरं. लाज वाटावी असंच आहे. पण ज्या राज्यात सभा घ्यायची तर गश्ती निशाण 53 नावाच्या सरकारी परिपत्रकाखाली आधी परवानगी काढावी लागे, तिथं सरकारवर टीकेचा मेसेज 11 जणांना पाठवणाऱ्याचं काय झालं असतं? आमच्या घरात रझाकारांच्या भीतीनं आजी रात्र रात्र ज्वारीत लपून बसल्याच्या गोष्टी आहेत. या मुद्द्यावर मी याहून जास्त सभ्यपणे लिहू शकत नाही.

आता भाच्याचा प्रश्न उरतो, तो मेसेजपेक्षा बरा आहे. मग चालवतं कोण?

माझ्या नोकरीतला एक मार्च सांगतो. गावाचं नाव घेत नाही. शाळाखोलीसाठी पैसे मंजूर होते. ग्रामसभेचा ठराव हवा होता. कोरमला शंभर माणसं लागतात, किंवा मतदारांच्या पंधरा टक्के, दोन्हीत कमी असेल ते. पहिल्या सभेला अठरा आली, तहकूब. मग तांत्रिक मान्यतेची फाईल वरच्या कार्यालयातल्या एका टेबलावर नऊ दिवस पडली. ते टेबल मी रोज पाहत होतो. एकदा जाऊन बोललो, चहा पाजला, पण साहेबांकडं तक्रार केली नाही, कारण पुढं माझीच कामं त्याच टेबलावर यायची होती. 31 मार्चला निधी समर्पित झाला. समर्पित! परत गेलेल्या पैशाला सरकारी भाषेत इतका पवित्र शब्द आहे. त्या खोलीचा खरा मालक कोण होता? न आलेली माणसं, ते टेबल, आणि मी. यात राज्यपाल कुठंही नाहीत.

आणि जिल्ह्याच्या पातळीवर बघायचं तर जिल्हा नियोजन समिती. गावात येणाऱ्या रस्त्यापासून रोहित्रापर्यंत बऱ्याच गोष्टींचा जिल्ह्याचा पैसा तिथं ठरतो. अध्यक्ष पालकमंत्री, सदस्य सचिव जिल्हाधिकारी. घटना सांगते की या समितीत किमान चार पंचमांश सदस्य जिल्हा परिषद आणि नगरपालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांनी आपल्यातून निवडलेले हवेत. पण मराठवाड्यातल्या जिल्हा परिषदांची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि पुढची तीन वर्षं उलटून गेली तरी निवडणुका झाल्या नाहीत. प्रशासक बसले. सदस्यच नाहीत तर ते समितीवर कुणाला निवडून पाठवणार? उरले पालकमंत्री, आमदार, खासदार आणि अधिकारी. आरक्षणाचा खटला हे कारण दाखवलं गेलं, ते खोटं नव्हतं. पण सत्तेत आलेल्या कुठल्याच सरकारनं निवडणुकीसाठी फार तगमग केलेलीही दिसली नाही. कशाला करतील? पाच-पन्नास सदस्यांना विचारण्यापेक्षा एका बंगल्यावर यादी करणं सोपं.

मेसेजवाल्याला खरंच 'निवडून न आलेले लोक राज्य करतात' असं लिहायचं होतं ना, तर हे लिहायचं होतं. हे सप्रमाण आहे, आपल्या दारातलं आहे. पण यावर मेसेज आला नाही. जिल्हा परिषदेची निवडणूक तीन वर्षं का नाही म्हणून वसमतमध्ये, परभणीत, सेलूत कुणी कुणाला 11 जणांना पाठवायला सांगितलं नाही. मीही नाही.

हे सगळं मी भाच्याला फोनवर तुकड्यातुकड्यानं सांगितलं, मध्ये दोनदा रेंज गेली. निजामावर तो गप्प बसला, मुख्यमंत्र्यांच्या बेरजेवर हसला. लातूरच्या नोटाचं त्यानं तिथल्या तिथं मोबाईलवर तपासलं, ते मला बरं वाटलं. फॉर्म देतो म्हणाला नाही. म्हणाला, "मामा, त्या नियोजन समितीत मागच्या तीन वर्षांत वसमत तालुक्याला काय दिलं ते कळंल का?"

कळतं म्हटलं. जन माहिती अधिकारी, जिल्हा नियोजन कार्यालय, हिंगोली, अशा नावानं अर्ज कर. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लाव. विषय एकच ठेव आणि दीडशे शब्दांच्या आत लिही, नाहीतर तेवढ्यावरून फेटाळतात. बैठकांची इतिवृत्तं आणि तालुकानिहाय मंजूर कामांची यादी, एवढंच माग. 'का' असं काही विचारू नको, 'का'ला उत्तर देत नाहीत.

रात्री बहिणीनं एक फोटो पाठवला. टीव्हीवर नमुना 6 अजून तसाच आहे, आणि त्याच्यावर एक कोरा ताव.